लुआन्श्याची खाण कोणी उघडली?

२०१९च्या मे महिन्यात आमच्या मिरजेतल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मी चीनवर बोललो. सहकारी बँकेतली नोकरी सांभाळून वीसेक वर्षे मी आफ्रिकेच्या आर्थिक इतिहासाचे वाचन करत आलो आहे. पदवी वाणिज्य शाखेची. इतिहास शिकवायला कोणी गुरू लाभला नाही. त्यामुळे कोणी बोलावले की थोडे चढूनच बोलले जाते. त्या दिवशीचा विषय होता 'चीन : नवी ईस्ट इंडिया कंपनी'. श्रीलंकेने ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले हंबनटोटा बंदर, आफ्रिकेतल्या खाणी, रस्ते, कर्जे असे सगळे मी एका सुतात ओवले. आधी व्यापार, मग कर्ज, मग ताबा. श्रोत्यांना ते पटले. टाळ्याही मिळाल्या.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतून एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत उभे राहिले. आमच्याच गल्लीतले मास्तर. १९७४ ते १९८८ अशी चौदा वर्षे त्यांनी झांबियात, लुआन्श्या नावाच्या खाणगावात गणित शिकवले होते. "तुझं सगळं ऐकलं," ते म्हणाले. "एकच सांग. लुआन्श्याची खाण बंद पडली होती, ती उघडली कोणी?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. काहीतरी गुळमुळीत बोलून मी वेळ मारून नेली. घरी जाताना मास्तर रागावलेले दिसले नाहीत. गणित चुकलेल्या मुलाकडे शिक्षक पाहतो तसे पाहत होते. त्या प्रश्नाच्या मागे मी पुढची काही वर्षे लागलो. झांबियाला मी गेलेलो नाही. माझा सगळा आधार अहवाल, पुस्तके, वृत्तपत्रांची कात्रणे आणि मास्तरांच्या आठवणी हाच आहे. पण एवढ्यावरूनही माझ्या व्याख्यानाचे सूत्र टिकत नाही, हे मला मान्य करावे लागले. ते कसे, ते इथे मांडतो.

तांब्याचा मुलूख

झांबियाच्या उत्तरेला काँगोच्या सीमेलगत तांब्याच्या खाणींचा एक पट्टा आहे. त्याला कॉपरबेल्ट म्हणतात. किटवे, मुफुलिरा, चिंगोला, चांबिशी, लुआन्श्या ही त्यातली गावे. १९२०-३०च्या दशकांत इंग्रज आणि अमेरिकी भांडवलाने इथे मोठ्या खाणी सुरू झाल्या. जमिनीखालच्या खनिजाचे हक्क मात्र सेसिल ऱ्होड्सने स्थापन केलेल्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीकडे होते. प्रत्येक टनामागे तिला स्वामित्वधन मिळे. २४ ऑक्टोबर १९६४ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा कुठे हे हक्क झांबियाकडे आले. ईस्ट इंडिया कंपनीची खरीखुरी बहीण शोधायची तर ती ही.

पहिले अध्यक्ष केनेथ कौंडा यांनी १९६९मध्ये खाणींचे ५१ टक्के भाग सरकारकडे घेण्याचे जाहीर केले. पुढे १९८२मध्ये सगळ्या खाणी मिळून झेडसीसीएम ही एकच सरकारी कंपनी झाली. मास्तर सांगतात, खाणगावात कंपनीचा दवाखाना, कंपनीची शाळा, कंपनीचे क्लब, रस्त्यावरचे दिवेही कंपनीचेच. "बाळाच्या लंगोटापासून मयताच्या सामानापर्यंत सगळं कंपनी देते, असं तिकडचे लोक म्हणायचे," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान दहा वेळा ऐकले आहे.

हे सगळे तांब्याच्या भावावर उभे होते. १९७०च्या दशकाच्या मध्यावर भाव कोसळले, कर्ज वाढले, यंत्रे जुनी झाली. १९६९च्या सुमारास वर्षाला ७ लाख टनांच्या वर असलेले उत्पादन २००० साली अडीच लाख टनांच्या आसपास आले. १९९१मध्ये कौंडा निवडणूक हरले. फ्रेडरिक चिलुबा यांचे सरकार आले आणि जागतिक बँक व नाणेनिधी यांच्या सल्ल्याने, किंबहुना दडपणाने, १९९७ ते २००० या काळात खाणी तुकड्यातुकड्यांनी विकल्या गेल्या. नव्या मालकांशी जे करार झाले त्यांत स्वामित्वधन ०.६ टक्के इतके खाली आणले होते आणि बरीच वर्षे कर वाढवणार नाही अशी हमी दिली होती. विकणारा गरजू असला की सौदा असाच होतो.

लुआन्श्याची खाण १९९७मध्ये कोणी घेतली? मुंबईत कचेरी असलेल्या बिनानी या भारतीय उद्योगसमूहाने. हे मला मास्तरांच्या प्रश्नानंतर समजले आणि खरे सांगायचे तर थोडी लाज वाटली. २००० साली ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. कामगारांची देणी थकली. ही थकलेली देणी पुढे कित्येक वर्षे तिथल्या राजकारणात निघत राहिली. व्याख्यानात परकीय मालकांची यादी वाचताना 'आपण' त्या यादीत आहोत हे माझ्या गावीही नव्हते.

आधी एक रेल्वे

चिनी लोक झांबियात खाणींसाठी आले नाहीत. ते आले रेल्वेसाठी. १९६५मध्ये दक्षिणेकडच्या ऱ्होडेशियातल्या गोऱ्या राजवटीने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले आणि झांबियाचे तांबे समुद्रापर्यंत नेण्याचा नेहमीचा मार्ग शत्रूच्या हातात गेला. टांझानियातल्या दार-ए-सलाम बंदरापर्यंत नवा लोहमार्ग हवा होता. जागतिक बँकेने तो परवडणारा नाही म्हणून नाकारला. त्या वेळी स्वतः गरीब असलेल्या चीनने ९८ कोटी ८० लाख युआनचे बिनव्याजी कर्ज देऊन १९७० ते १९७५ या काळात १,८६० किलोमीटरचा मार्ग बांधला. तोच ताझारा.

या रेल्वेतल्या दोन बारीक गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, रुळांतले अंतर. चीनमध्ये ते १,४३५ मिलिमीटर असते. ताझाराचे रूळ झांबियाच्या जुन्या मार्गाला जुळावेत म्हणून १,०६७ मिलिमीटरचे टाकले. दुसरी, स्थानिक खर्चाची सोय. मजुरी आणि इतर स्थानिक खर्चासाठी लागणारे पैसे उभे करायला चीनने टांझानिया-झांबियाच्या दुकानांत चिनी माल उधारीवर पाठवला. सायकली, कापड, भांडी असल्या मालाच्या विक्रीतून आलेल्या स्थानिक चलनात बांधकामाचा खर्च भागला. यात चीनचा बाजार वाढला आणि यजमानांचे परकीय चलनही वाचले. समोरच्याची अडचण आपल्या हिताला जोडून घ्यायची, हे तंत्र चिनी लोकांना पन्नास वर्षांपूर्वीच अवगत होते. पण त्या वेळी मागणी करणारे कौंडा आणि न्येरेरे होते. काय हवे ते त्यांना नेमके ठाऊक होते, हेही विसरू नये.

चांबिशीची काळी वर्षे

चांबिशीची खाण १९८७पासून बंद होती. १९९८मध्ये चायना नॉनफेरस या चिनी सरकारी कंपनीने ती २ कोटी डॉलरला घेतली. ८५ टक्के भाग तिचे, १५ टक्के झांबियाच्या सरकारी कंपनीचे. २००३मध्ये उत्पादन सुरू झाले. इथून पुढची तीन वर्षे वाचताना माझे व्याख्यान खरेच ठरते आहे असे मला वाटत राहिले.

बहुसंख्य कामगार कंत्राटी किंवा मुदतीच्या करारावर. पगार पट्ट्यात सगळ्यांत कमी. सुरक्षेकडे दुर्लक्ष. २० एप्रिल २००५ला खाणीच्या आवारातल्या स्फोटके बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला. हा कारखाना बीजिंगमधल्या एका खनिज संशोधन संस्थेच्या आणि खाण कंपनीच्या भागीदारीत चालत होता. ५०च्या आसपास झांबियन कामगार मेले. बहुतेक तरुण होते. जुलै २००६मध्ये थकलेल्या पगारवाढीवरून कामगार भडकले, मोडतोड झाली, गोळीबार झाला आणि काही कामगार जखमी झाले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक होती. विरोधी नेते मायकेल साटा यांनी चांबिशीचा विषय उचलला. 'इन्व्हेस्टर' या शब्दाचे त्यांनी 'इन्फेस्टर', म्हणजे किडीसारखे पसरणारे, असे करून टाकले. तैवानशी संबंध जोडण्याचीही भाषा ते करू लागले. तेव्हा चिनी राजदूत ली बाओदोंग यांनी उघड इशारा दिला की असे झाले तर चीन संबंध तोडू शकेल. परक्या देशाच्या निवडणुकीत राजदूताने असे बोलणे हे चिनी शिरस्त्यात बसणारे नव्हते. बीजिंग घाबरले होते, याचाच हा पुरावा.

साटा हरले. लेव्ही म्वानावासा सुमारे ४३ टक्के मतांनी जिंकले, साटांना २९ टक्क्यांच्या आसपास मिळाली. पण लुसाका आणि कॉपरबेल्टची शहरे साटांच्या मागे गेली. फेब्रुवारी २००७मध्ये चीनचे अध्यक्ष हू जिंताओ झांबियाला आले. चांबिशीत नव्या औद्योगिक क्षेत्राची पायाभरणी त्यांच्या हस्ते व्हायची होती. निदर्शने होतील या भीतीने त्यांचा कॉपरबेल्टचा दौरा रद्द झाला आणि समारंभ राजधानीत उरकला. चीनचा अध्यक्ष आपल्याच देशाच्या खाणीवर जाऊ शकला नाही. माझ्या मते या कहाणीतले वळण इथे आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या एखाद्या गव्हर्नरला मुर्शिदाबादेच्या विणकरांच्या भीतीने वाट बदलावी लागली असती का? कंपनीजवळ फौज होती. चायना नॉनफेरसजवळ नव्हती, आणि झांबियाजवळ मतपेटी होती.

२००८चा हिवाळा

आता मास्तरांचा प्रश्न. २००८च्या जुलैत तांब्याचा भाव टनामागे ९,००० डॉलरच्या जवळ होता. अमेरिकेतल्या बँका बुडाल्या आणि डिसेंबरपर्यंत तो ३,००० डॉलरच्या आसपास आला. कॉपरबेल्टमध्ये हाहाकार उडाला. लुआन्श्याची खाण बिनानीनंतर युरोपीय मालकांच्या हाती गेली होती. त्यांनी ती बंद केली. दीड हजारांहून अधिक कामगार रस्त्यावर आले. मुफुलिराची मोपानी कंपनी स्विस ग्लेनकोरच्या ताब्यात होती, तर चिंगोलाची कोंकोला कंपनी २००४पासून भारतीय वंशाच्या अनिल अगरवाल यांच्या वेदान्तकडे. दोन्हीकडे कामगार कमी करण्यात आले. नुकताच बसवलेला नफ्यावरचा जादा कर सरकारने २००९मध्ये मागे घेतला.

चांबिशीच्या चिनी खाणीने मात्र तीन गोष्टी होणार नाहीत असे जाहीर केले. कामगार कमी करणार नाही, उत्पादन घटवणार नाही, गुंतवणूक कमी करणार नाही. आणि २००९च्या मध्यास चायना नॉनफेरसनेच लुआन्श्याची बंद खाण घेतली. ८० टक्के तिचे, २० टक्के झांबियाच्या सरकारी कंपनीचे. कामगारांना परत घेणे आणि रखडलेला मुलियाशी इथला खुल्या खाणीचा प्रकल्प उभा करणे या अटी सरकारने घातल्या, त्या तिने मान्य केल्या. २०१२मध्ये मुलियाशीतून उत्पादन सुरू झाले. त्याच सुमारास, २००९मध्ये, चांबिशीचा तांबे वितळवण्याचा मोठा कारखानाही सुरू झाला. दगड बाहेर नेऊ नका, इथे कारखाने काढा, ही झांबियाची जुनी मागणी त्यातून अंशतः का होईना पुरी झाली.

तर मास्तर, खाण चिन्यांनी उघडली.

पण का? ते अधिक दयाळू म्हणून? २००५चा स्फोट आठवला की हे उत्तर गळ्याखाली उतरत नाही. इथे मला चिंग क्वान ली या अमेरिकेत शिकवणाऱ्या समाजशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनाची मोठी मदत झाली. कित्येक वर्षे वारंवार झांबियात जाऊन, खाणीत उतरून, त्यांनी चिनी सरकारी भांडवल आणि इतर जागतिक भांडवल यांची तुलना केली. उपाध्यक्ष गाय स्कॉट यांनी त्यांना खाणींचे दरवाजे उघडून दिले. त्यांचे पुस्तक २०१७मध्ये निघाले. त्यांचे म्हणणे माझ्या शब्दांत असे आहे. लंडनच्या बाजारात ज्याचे भाग विकले जातात त्या कंपनीला एकच गोष्ट दाखवायची असते, ती म्हणजे नफा. भाव पडला की तिने माणसे कमी केलीच पाहिजेत. चिनी सरकारी कंपनीच्या डोक्यावर मात्र तीन ओझी असतात. नफा हवा, चीनच्या कारखान्यांसाठी प्रत्यक्ष तांबे हवे आणि बीजिंगची राजकीय पतही सांभाळायची. जगातले निम्म्याच्या आसपास तांबे आज एकटा चीन वापरतो. त्यामुळे भाव पडले तरी खाण चालू ठेवण्यात त्याला अर्थ असतो. शिवाय मंदीत खाण स्वस्त मिळते, हेही आहेच.

बँकेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला ही गोष्ट चटकन कळते. ज्या कर्जदाराचा आपल्याकडे एकच व्यवहार आहे, त्याच्यावर आपला जोर चालत नाही. तो आज आहे, उद्या दुसऱ्या बँकेत. पण ज्याचे घर, दुकान, मुलाचे शिक्षण, गावातली अब्रू असे सगळे आपल्याशी गुंतलेले आहे, त्याला एका बाजूने ओढले की दुसरी बाजू हलते. चिनी सरकारी कंपनी ही असा अनेक बाजूंनी गुंतलेला माणूस आहे. खाणीत अन्याय झाला तर तक्रार थेट दूतावासात जाते, आणि राजदूताचे म्हणणे कंपनीला ऐकावेच लागते. साटांनी ही नस २००६मध्ये ओळखली. २०११मध्ये ते निवडून आले, तेव्हा चिनी राजदूताला भेटून त्यांनी ठणकावले की गुंतवणूक करा, पण आमचे कामगार कायदे पाळा. त्याच ऑक्टोबरमध्ये चांबिशीत संप झाला. कंपनीने संपकऱ्यांना बडतर्फ केले आणि सरकारने हस्तक्षेप केल्यावर परत घेतले. पगारही वाढले. पुढच्या वर्षी खाणींवरचे स्वामित्वधन ६ टक्के झाले. ०.६ टक्क्यांपासून इथवर यायला पंधरा वर्षे आणि चार निवडणुका लागल्या.

जिथे ते झुकले नाहीत

एवढ्यावर थांबलो तर माझ्या पहिल्या व्याख्यानाइतकेच हे दुसरे व्याख्यानही एकांगी होईल. लीबाईंनी स्वतःच बजावले आहे की या तडजोडीची किंमत कामगारच मोजतात. चिनी खाणीत नोकरी टिकते, पण पगार कमी मिळतो. इतर खाणींत पगार बरा, पण नोकरीचा भरवसा नाही. चांगला पर्याय यातला कोणता, हे ज्याच्या घरी चूल पेटायची आहे त्यालाच विचारावे. नोव्हेंबर २०११मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने झांबियातल्या चिनी सरकारी खाणींवर अहवाल काढला. त्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या, कमी पगार आणि धोकादायक जागी जायला नकार दिला तर नोकरी जाईल अशा धमक्या यांची नोंद आहे.

शिवाय 'चिनी' म्हणजे एकच मालक नव्हे. दक्षिणेकडे सिनाझोंगवे भागात कॉलम नावाची कोळशाची खाण होती, ती खासगी चिनी मालकांची. ऑक्टोबर २०१०मध्ये पगारावरून निदर्शने करणाऱ्या कामगारांवर तिथल्या दोन चिनी अधिकाऱ्यांनी गोळ्या झाडल्या. अकराहून अधिक जखमी झाले. खटला पुढच्या वर्षी मागे घेण्यात आला. ऑगस्ट २०१२मध्ये तिथल्याच कामगारांनी एका चिनी व्यवस्थापकाला ठार मारले. फेब्रुवारी २०१३मध्ये सरकारने खाणीचा परवाना रद्द केला. या मालकाला बीजिंगच्या पतीशी देणेघेणे नव्हते आणि बीजिंगलाही त्याच्याशी फारसे नव्हते. त्यामुळे दाबायला नस नव्हती. रस्ते-इमारती बांधणाऱ्या कंपन्यांचेही तेच. बांधकाम संपले की कंत्राटदार पुढच्या कामावर जातो, मजूर रोजंदारीचे, संघटना दुबळी. त्या क्षेत्रात चिनी सरकारी, चिनी खासगी आणि इतर यांत लीबाईंना फारसा फरक दिसला नाही. खाण उचलून नेता येत नाही. सिमेंट कालवायचे यंत्र नेता येते.

लुआन्श्यातही सगळे सुरळीत राहिले नाही. २०१५मध्ये भाव पुन्हा पडले, विजेचा तुटवडा झाला. तेव्हा त्याच चिनी कंपनीने बालुबाची भूमिगत खाण थांबवली आणि दीड हजारांहून अधिक कामगारांना घरी बसवले. २००९चे आश्वासन कायमचे नव्हते. ते त्या वेळच्या दाबापुरते होते. आणि अगदी अलीकडे, १८ फेब्रुवारी २०२५ला, चांबिशीजवळ याच समूहातल्या एका कंपनीचा गाळ साठवण्याचा बांध फुटला. आम्लयुक्त पाणी म्वांबाशी ओढ्यातून काफुए नदीत गेले. मासे मेले, काठावरची पिके जळाली, किटवे शहराचा पाणीपुरवठा काही काळ बंद ठेवावा लागला. कंपनीने माफी मागितली. कामगारांना संघटना आहे, मतदारांना मत आहे. नदीला यांपैकी काही नाही. तिच्या वतीने बांध तपासणारा सरकारी निरीक्षक असावा लागतो.

कर्ज आणि सापळा

माझ्या व्याख्यानातला सगळ्यांत टाळ्यांचा भाग कर्जाच्या सापळ्याचा होता. म्हणून त्याविषयीही लिहिणे भाग आहे. २०११नंतर झांबियाने भराभर कर्जे काढली. चिनी बँकांकडून रस्ते, विमानतळ, वीज यांसाठी घेतली. शिवाय २०१२, २०१४ आणि २०१५ अशा तीन वेळा रोखे विकून पाश्चात्त्य बाजारातून एकूण ३ अब्ज डॉलर उचलले. नोव्हेंबर २०२०मध्ये हप्ता चुकला. तो चिनी कर्जाचा नव्हता, याच रोख्यांचा होता. माझ्या सूत्राप्रमाणे यानंतर चीनने एखादी खाण किंवा विमानतळ ताब्यात घ्यायला हवा होता. तसे झाले नाही. ऑगस्ट २०२१मध्ये हाकाइंडे हिचिलेमा निवडून आले. बोलणी लांबली, चीनने बराच वेळ घालवला. अखेर जून २०२३मध्ये पॅरिसला ६.३ अब्ज डॉलरच्या सरकारी कर्जांची फेरआखणी ठरली. त्यातले ४ अब्जांहून अधिक चीनचे होते. मुदत २०४३पर्यंत वाढली, व्याज २०३७पर्यंत १ टक्क्यावर आणले. मुद्दल मात्र सोडले नाही. आमच्या बँकेतला कुठलाही वसुली अधिकारी हा व्यवहार ओळखेल. सापळा लावणारा असे करत नाही, आणि धर्मादाय संस्थाही करत नाही. हा सावध सावकार आहे. ऋणको बुडाला तर आपलेही बुडेल हे त्याला कळते.

पण या सावकाराशी बोलताना झांबियाची खरी अडचण दुसरीच निघाली. कोणत्या सरकारी खात्याने कोणत्या चिनी बँकेकडून नेमके किती घेतले, याचा पुरा हिशोब नव्या सरकारला आधी जमवावा लागला. सत्तेवर आल्यानंतर जाहीर झालेला कर्जाचा आकडा आधीच्या आकड्यापेक्षा बराच मोठा निघाला. हा दोष चीनचा म्हणता येणार नाही. खतावणी ज्याची त्याने ठेवायची असते.

उत्तर

तर माझे सूत्र कुठे चुकले? मी चीनला एक स्वभाव चिकटवला होता. आधी व्यापार, मग कर्ज, मग ताबा, जणू तो ठरल्याप्रमाणेच वागणार. झांबियाचा पंचवीस वर्षांचा इतिहास सांगतो की तोच देश, तीच कंपनी, तीच खाण २००५मध्ये एक वागते आणि २००९मध्ये दुसरे. मधल्या काळात बदलला तो समोरचा माणूस. स्फोटात मेलेल्यांच्या गावाने मत बदलले, नेत्याने त्याचा आवाज केला, सरकारने अटी लिहून घेतल्या. गुंतवणूक झुकते हे खरे, पण ती स्वतःहून झुकत नाही. कामगार संघटना, निवडणूक, कायदा, निरीक्षक, नीट ठेवलेला हिशोब ही वजने ज्या पारड्यात पडतात, तिकडे ती झुकते. वजन काढले की पुन्हा सरळ होते. बालुबा आणि काफुए यांनी तेच दाखवले.

आणि व्याख्यानात मी एक मोठा अन्याय केला होता, तो चीनवर नव्हे, झांबियावर. 'चीनने आफ्रिकेत हे केले, ते केले' असे बोलताना मी तिथल्या लोकांना नुसते सोसणारे करून टाकले होते. आपल्याबद्दल इंग्रज असे लिहीत, तेव्हा आपल्याला राग येतो.

हे सगळे लिहून झाल्यावर मी कागद घेऊन मास्तरांकडे गेलो. आता त्यांना वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवले. बिनानीचा उल्लेख आला तेव्हा ते हसले. म्हणाले, "त्या वेळी मला तिकडून माझ्या एका विद्यार्थ्याचं पत्र आलं होतं. सर, तुमच्या देशाच्या लोकांनी आमचा पगार बुडवला, असं लिहिलं होतं त्यानं. मी उत्तर दिलं नाही. काय देणार?" थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, "बालुबाचं काय लिहिलंयस ते परत वाच." मी वाचले. त्यांनी सालाची खात्री करून घेतली, २०१५. मग बोटांवर हिशोब करत म्हणाले, "म्हणजे सहा वर्षं चालली. ज्यांची पोरं तेव्हा शाळेत होती, त्यांची शाळा पुरी झाली असेल."